प्लंकेटवर भरवसा ठेवणारा प्रशिक्षक

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू आला की त्याला जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. समोरून धिप्पाड गडी अंगावर येत असतात आणि तेवढ्यात चेंडू कुणाकडे फेकायचा हे ठरवावं लागतं. टॉम फ्लोरेस हे काम करत वाढला. प्रशिक्षक म्हणून त्याचं मोठेपण शोधताना मी त्याच्या खेळाडूपणातल्या वाईट दिवसांपाशी पुन्हा पुन्हा येतो.

1937 साली कॅलिफोर्नियात, फ्रेझ्नोच्या परिसरातल्या शेतांवर राबणाऱ्या मेक्सिकन कुटुंबात तो जन्मला. खांदा दुखावल्यामुळे सुरुवातीला व्यावसायिक संघांत त्याची डाळ शिजली नाही. 1960 मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या ओकलंड रेडर्सने त्याला घेतलं, पण 1962 चा अख्खा हंगाम क्षयाने गिळला. पुढच्याच वर्षी ह्यूस्टनविरुद्ध त्याने सहा टचडाउन पास, म्हणजे गोलरेषेपलीकडे नेऊन गुण मिळवून देणारे पास, फेकले. सामना 52-49 असा जिंकला. तरीही 1967 मध्ये संघाने अदलाबदलीत त्याला बफलोला देऊन टाकलं. कारकिर्दीच्या शेवटी सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना, जिंकणाऱ्या कॅन्सस सिटीच्या संघात तो होता, पण राखीव म्हणून.

रेडर्सचा प्रशिक्षक जॉन मॅडन याच्या हाताखाली साहाय्यक म्हणून उमेदवारी करून 1979 मध्ये तो संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. दुसऱ्याच हंगामात पाचव्या सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक डॅन पास्टोरिनीचा पाय मोडला. बदली उतरला जिम प्लंकेट. एकेकाळी महाविद्यालयीन फुटबॉलमधला मानाचा हाइझमन पुरस्कार मिळवलेला, पण पुढे एका संघाने अदलाबदलीत देऊन टाकलेला आणि दुसऱ्याने सोडून दिलेला हा खेळाडू. त्याचेही आईवडील मेक्सिकन वंशाचे, दोघेही अंध. त्या दिवशी त्याचे पाच पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले आणि रेडर्स हरले. हंगामात दोन विजय, तीन पराभव अशी अवस्था. फ्लोरेसने प्लंकेटलाच पुढे ठेवलं. बाकावर बसणं म्हणजे काय हे ज्याने सोसलंय, त्यालाच असा निर्णय सुचतो असं मला वाटतं. उरलेल्या अकरापैकी नऊ सामने रेडर्सने जिंकले.

25 जानेवारी 1981 रोजी न्यू ऑर्लिन्सला फिलाडेल्फियाविरुद्ध सुपर बोलचा सामना झाला. पहिल्या सत्राच्या अखेरीस बचावाची भिंत कोसळली तेव्हा प्लंकेट डावीकडे पळाला आणि पळता पळताच त्याने चेंडू उंच टाकला. फिलाडेल्फियाच्या हर्मन एडवर्ड्सच्या उंचावलेल्या हातांवरून तो सहकारी केनी किंगकडे गेला आणि किंग सीमारेषेलगत धावत सुटला. 80 यार्डांचा टचडाउन. रेडर्स 27-10 ने जिंकले. गटात अव्वल न ठरता ‘वाइल्ड कार्ड’ने बाद फेरीत शिरून सुपर बोल जिंकणारा हा पहिला संघ. खेळाडू, साहाय्यक आणि मुख्य प्रशिक्षक अशा तिन्ही नात्यांनी हा करंडक मिळवणारा पहिला माणूस फ्लोरेस. तीन वर्षांनी वॉशिंग्टनला 38-9 असं लोळवून त्याने तो पुन्हा जिंकला, तेव्हाही क्वार्टरबॅक प्लंकेटच होता.

पुढे सिअ‍ॅटलच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून त्याची तीन वर्षं फसली. तिथे 14 विजय, 34 पराभव. थोर खेळाडू-प्रशिक्षकांचा गौरव करणाऱ्या फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमने त्याला 2021 पर्यंत, वयाच्या 84 व्या वर्षापर्यंत ताटकळत ठेवलं, हा सरळ अन्याय होता. दोन सुपर बोल जिंकून देणाऱ्या प्लंकेटला तर तिथे अजूनही जागा मिळालेली नाही.