फौजदारी गुन्ह्यातील तडजोड : पुणे शहराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
फौजदारी गुन्हा हा राज्याविरुद्धचा अपराध मानला जातो. म्हणूनच खटला शासनाच्या नावे चालतो. तथापि शेजाऱ्यांमधील शिवीगाळ, वाहनतळावरील मारहाण, भाडेकरू व घरमालक यांच्यातील दमदाटी अशा घटनांत समाजापेक्षा व्यक्तीची हानी अधिक असते. अशा गुन्ह्यांत पीडित व्यक्तीच्या संमतीने खटला संपविण्याची सोय कायद्याने केली आहे. प्रस्तुत लेखात या तरतुदीचे स्वरूप, मर्यादा व परिणाम यांचा आढावा घेतला आहे.

कायदेशीर आधार :
फौजदारी प्रक्रिया संहिता, 1973 मधील कलम 320 ची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 359 ने घेतली. या कलमात दोन तक्ते आहेत. पहिल्या तक्त्यातील गुन्हे न्यायालयाच्या परवानगीशिवाय मिटविता येतात. उदा. भारतीय न्याय संहितेतील साधी दुखापत (कलम 115(2)), चोरी (303(2)), फौजदारीपात्र धाकदपटशा (351(2)) व शांतताभंगास चिथावणारा अपमान (352). दुसऱ्या तक्त्यातील गुन्ह्यांसाठी न्यायालयाची परवानगी आवश्यक असते. उदा. जबर दुखापत (117(2)) व फसवणूक करून मालमत्ता देण्यास प्रवृत्त करणे (318(4)). तक्त्यांत नसलेला गुन्हा या कलमान्वये मिटविता येत नाही.

संमती कोणाची?
तडजोडीचा अधिकार केवळ फिर्याद नोंदविणाऱ्यास नसून कायद्याने निर्दिष्ट केलेल्या व्यक्तीस आहे. दुखापतीत ती जखमी व्यक्ती असते, तर चोरीत मालमत्तेचा मालक. जखमी व्यक्ती अज्ञान असल्यास तिच्या वतीने करार करण्यास सक्षम असलेली व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करू शकते. पूर्वीच्या दोषसिद्धीमुळे आरोपी वाढीव शिक्षेस पात्र असेल, तर तडजोड होत नाही.

पुण्यातील कार्यपद्धती :
गुन्हा मिटविण्याचा अधिकार पोलिसांना नाही. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर उभय पक्ष शिवाजीनगर येथील न्यायालयात तडजोडीची पुरसिस दाखल करतात. संमती ऐच्छिक आहे किंवा नाही, याची खात्री न्यायदंडाधिकारी पीडित व्यक्तीला विचारून करून घेतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअदालतीतही अशी प्रकरणे ठेवली जातात. मात्र विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 19(5) नुसार तडजोडपात्र नसलेल्या गुन्ह्यांवर लोकअदालतीस अधिकार नाही.

मर्यादा :
भांडणात काठी वा दगडाचा वापर धोकादायक हत्यार म्हणून झाल्याचे नमूद झाले, की कलम 118(1) लागते. हे कलम तक्त्यांत नाही. त्यामुळे दोन्ही पक्ष राजी असूनही न्यायदंडाधिकारी हा गुन्हा मिटवू शकत नाहीत. अशा वेळी पुण्यातील पक्षकारांना मुंबई उच्च न्यायालयाकडे कलम 528 खाली (पूर्वीचे 482) गुन्हा रद्द करण्याची विनंती करावी लागते. ग्यानसिंग विरुद्ध पंजाब राज्य (2012) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार मान्य केला. परंतु खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गंभीर गुन्हे त्यातून वगळले. किरकोळ वादासाठी मुंबईपर्यंतचा खर्च व वेळ सामान्य कुटुंबास परवडत नाही, ही या व्यवस्थेतील प्रत्यक्ष अडचण होय.

परिणाम :
कलम 359(8) नुसार तडजोडीचा परिणाम आरोपीची निर्दोष मुक्तता असा होतो. आरोपी अनेक असल्यास ज्याच्याशी तडजोड झाली, त्यालाच हा लाभ मिळतो. तरीही तरुणांनी एक बाब ध्यानात ठेवावी. पोलीस आयुक्त, नवी दिल्ली विरुद्ध मेहेरसिंग (2013) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मुक्ततेमुळे पोलीस दलातील नियुक्तीचा हक्क आपोआप प्राप्त होत नाही. म्हणून चारित्र्य पडताळणीत खटल्याविषयी माहिती विचारल्यास ती लपवू नये.

निष्कर्ष :
तडजोडीमुळे न्यायालयाचा वेळ वाचतो व शेजारसंबंध टिकतात. परंतु घरमालकापुढे भाडेकरू किंवा मालकापुढे घरकामगार स्त्री यांची संमती कितपत मुक्त असते, हा प्रश्न उरतोच. पीडिताला नुकसानभरपाई, औषधोपचाराचा खर्च व नकार देण्याचा अधिकार यांची पूर्वकल्पना असेल, तरच तडजोड न्यायाचे साधन ठरते; अन्यथा ती बलवानाची सोय ठरते. म्हणूनच स्वाक्षरीपूर्वी पीडितास विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत सल्ला मिळणे अगत्याचे आहे.