फळा दिसत नाही, मोबाइल मात्र दिसतो

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि कळमेश्वरच्या वस्त्यांतही वर्ग मोबाइलवर आला. ज्या घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर एमआयडीसीच्या पाळीला जाणारा, तिथे लेकरांचा अभ्यास रात्रीच. अंथरुणावर पडून, फोन नाकाशी धरून. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीच्या मुलांना डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा शाळेत बोलावले, तेव्हा काहींना फळा वाचता येईना. पोरगं अभ्यास विसरलं, असे आपण म्हणालो. काहींचा अभ्यास खरेच मागे पडला होता. काहींचे मात्र डोळे अधू झाले होते.

आजही शिकवणी, मुक्त विद्यापीठाचे धडे, परीक्षेची तयारी फोनवरच चालते. म्हणून हे समजून घ्या. लघुदृष्टीत डोळ्याचा गोळा लांबट होतो. लांबचे धूसर दिसते, जवळचे स्वच्छ. अशा मुलाला मोबाइल अगदी नीट दिसतो, त्यामुळे दोष लक्षातच येत नाही. शाळेत फळा तो दोष उघड करतो. घरी शिकणाऱ्यापुढे फळा नसतो.

घरच्या घरी एवढे करा. विहारात किंवा अंगणात वीस फुटांवर कॅलेंडर टांगा. मुलाला एक डोळा तळहाताने झाकून तारखा वाचायला सांगा, मग दुसरा डोळा झाकून. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चांगला डोळा अधू डोळ्याचे लपवतो. तुम्हाला दिसते ते त्याला दिसत नसेल, तो डोळे बारीक करत असेल किंवा वारंवार डोके दुखते म्हणत असेल, तर नागपूरला मेडिकल वा मेयोच्या नेत्रविभागात न्या. शाळेत आरोग्य पथक येते त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा गैरसमज आहे. मुलीला चष्मा लागला तर लग्नाचे कसे, ही चिंता तर सोडाच. चष्म्याविना तिचे शिक्षण अडेल, त्याचे काय?

फोन हातभर लांब, उजेडात, भिंतीला टेकवून ठेवा. वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरचे झाड पाहायला लावा. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे चुरचुरतात. जुलै 2020 च्या केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांचे दोनच तास सांगितले होते. रोज दोनेक तास उघड्यावर खेळणाऱ्या मुलांत लघुदृष्टी कमी आढळते, तेव्हा संध्याकाळी पोरांना मैदानावर पिटाळा. चष्मा लागलाच, तर दर वर्षी नंबर तपासून घ्या. वाढत्या वयात तो बदलतो.