हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तिथी पाहूनच

सोलापुरातून कोकणात निघणाऱ्या गटाचा बेत सहसा ठरलेला असतो: रात्रभर प्रवास, सकाळी आंघोळ-नाश्ता, मग दर्शन, अकराच्या सुमारास प्रदक्षिणा आणि लगेच जेवण. इतर देवस्थानांत हा बेत बिनघोर चालतो. रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या हरिहरेश्वरला मात्र पौर्णिमा-अमावस्येला तो नेमका उलटा पडतो, कारण इथली प्रदक्षिणा देवळाच्या गाभाऱ्याला नव्हे, अख्ख्या डोंगराला घालायची असते आणि तिची निम्मी वाट समुद्राच्या ताब्यात आहे. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव असे दर्शन झाले, की वाट कातळाच्या अरुंद घळीतून पायऱ्या-पायऱ्यांनी थेट लाटांच्या पातळीवर उतरते.

खाली पसरलेला काळा कातळ सोलापूरकराला परका नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हाचे थरावर थर वाहिले, त्यांचाच हा पश्चिमेचा काठ. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी ज्या काळ्या रानात पिकते, ते रानही याच बेसॉल्टची झीज होऊन तयार झाले. तिकडे खडकाची माती झाली, इकडे लाटांनी त्याच खडकाचा पायथा कापून सपाट ओटा केला. कड्यावर खारे पाणी उडते, सुकते, मिठाचे स्फटिक फुगून कण सोडवतात आणि दगडाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडते. ओट्यातल्या भेगांत अडकलेले गोटे लाटांबरोबर गरगरत खळगे खोल करत राहतात. ओहोटीला त्यांत पाणी साचून राहते, तीच ही कुंडे. गायत्री तीर्थासारखी नावे आणि श्रद्धा त्यांवर नंतर चढल्या. म्हणजे कुंड बघायचे तर समुद्र मागे सरलेला हवा. भरतीत बघायला कुंडच उरत नाही आणि उभे राहायला जागाही.

ही वेळ काढायला मोबाइल लागतोच असे नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेचे पंधरा धरले तर सव्वाअकरा. गटाच्या प्रदक्षिणेची वेळ नेमकी हीच, आणि त्या दिवशी उधाण असते! ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. अष्टमीला भरती सहाच्या आसपास, म्हणून ओहोटी दुपारी बाराला; पण तो भांगाचा दिवस, पाणी फार लांब हटत नाही. हिशेब अंदाजाचा आहे, तेव्हा निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत आणि तिथे पोचल्यावर गावकऱ्यांना विचारावे.

यावर कोणी म्हणेल, दर्शनाला जोडूनच प्रदक्षिणा घालायची असते, मध्ये सहा तासांची फट कशी चालेल? दर्शन दुपारी घेतले तरी काही बिघडत नाही. उधाणाच्या दिवशी दर्शन थोडे उशिरा ठेवून साडेतीन-चारला उतरावे, म्हणजे पाणी आपल्यापासून दूर जात असते आणि परतायला उजेड उरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढ्या लांबून, चारशेहून अधिक किलोमीटर येणाऱ्यांनी पंचांग का पाहावे, सरकारने कठडे बांधून वाट पक्की करावी. कठडे, फलक, पहारा हे सगळे हवेच. पण ज्या लाटांनी कातळ कापला त्यांच्यापुढे सिमेंट किती टिकणार? शिवाय कठडा दिसला की माणूस वेळ विसरतो, आणि शेवाळलेल्या दगडावर घसरायला कठड्याची मनाई नसते. पावसाळ्यात तर ही वाट सोडूनच द्यावी. तेव्हा ओहोटीतही लाटांचा भरवसा नाही.

राहता राहिला दुपारचा मोकळा वेळ. बाळाजी विश्वनाथांचे श्रीवर्धन जवळच आहे आणि गटाला जेवणही सावकाश करता येते.