दिवाळीच्या आदल्या रात्री झोप का येत नाही?

नरक चतुर्दशीची आदली रात्र. दारात आकाशकंदील लागला आहे. उटणे, सुवासिक तेल, नवे कपडे सारे काढून ठेवले आहे. पहाटे साडेचारला उठायचे म्हणून घरातील वडील मंडळी मुलांना आठ वाजताच अंथरुणावर धाडतात. मग पांघरुणाखाली कुजबूज सुरू होते, आणि दर दहा मिनिटांनी प्रश्न येतो, "आई, किती वाजले?"

काही वर्षांपूर्वी आमच्या घरीही असेच झाले. रोज दहाला झोपणाऱ्या माझ्या मुलीला मी आठ वाजता दिवा मालवून झोपायला लावले. साडेनऊला पाहतो तर ती टक्क जागी. मी रागावलो, ती रडू लागली, आणि त्या रडण्यात अकरा वाजले. पहाटे ती पाटावर बसल्याबसल्या पेंगत होती, आणि फराळाच्या ताटावरच तिला झोप लागली. चूक तिची, असे मला तेव्हा वाटले. पुढे झोपेविषयी थोडे वाचन केल्यावर ध्यानात आले, की चूक माझी होती. ती कशी, ते आपण पाहू.

झोपेची ओढ आणि शरीरातील घड्याळ

झोप केव्हा येणार हे मुख्यत: दोन गोष्टींवर ठरते. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली ही कल्पना मांडली.

पहिली गोष्ट म्हणजे झोपेची ओढ. सकाळी उठल्यापासून मेंदूच्या पेशी सतत काम करतात, ऊर्जा खर्च करतात. या कामातून ॲडेनोसिन नावाचा पदार्थ मेंदूत साठत जातो. नळाखाली ठेवलेली घागर जशी हळूहळू भरते, तशी दिवसभर ही ओढ वाढत जाते आणि झोपेत ती ओसरते. चहा-कॉफीतील कॅफीन नेमका ॲडेनोसिनचाच मार्ग अडवते. म्हणून चहा घेतला की घागर रिकामी होत नाही. ती भरली आहे हे मेंदूला कळत नाही, एवढेच.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातील घड्याळ. डोळ्यांकडून आलेले मज्जातंतू मेंदूत जेथे एकमेकांना ओलांडतात, त्याच्या अगदी वर सुमारे २०,००० पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. सुमारे २४ तासांची लय तो राखतो. सकाळच्या प्रकाशाने हे घड्याळ रोज जुळवले जाते, आणि रात्रीच्या झगझगीत प्रकाशाने ते मागे पडते.

आता खरी गंमत पाहा. संध्याकाळी झोपेची ओढ बरीच वाढलेली असते. तरीही आपण सात-आठ वाजता गळून का पडत नाही? कारण त्याच वेळी हे घड्याळ जागे राहण्याचा इशारा अधिकाधिक जोराने देत असते. रस्सीखेचीत एका बाजूचा जोर वाढला, की दुसरी बाजूही जोर लावते, तसे हे आहे. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधी दोन-तीन तास घड्याळाचा हा जोर सर्वांत जास्त असतो. नंतर तो ओसरतो, आणि दोर एकदम झोपेच्या बाजूला खेचला जातो.

इस्रायलमधील हैफा येथील पेरेत्झ लाव्ही यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. त्यांनी दिवसरात्रीचे वीस-वीस मिनिटांचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यात सात मिनिटे झोपण्याचा प्रयत्न करायचा आणि तेरा मिनिटे जागे राहायचे. रात्रीच्या झोपेआधीच्या त्या काही तासांत माणसांना डोळा लागणे फार कठीण गेले. आदल्या रात्री जागरण झालेल्यांचीही तीच गत! या वेळेला लाव्ही यांनी 'झोपेचा निषिद्ध प्रदेश' असे नाव दिले.

माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. दहाला झोपणाऱ्या मुलीला मी आठ वाजता, म्हणजे नेमके या निषिद्ध प्रदेशात, झोपायला पाठवले होते.

गार पाय आणि न्यूटनचा नियम

पण मग रोज दहाला येणारी झोप त्या रात्री दहालाही का आली नाही? येथे आनंदाचा आणि भीतीचा प्रश्न येतो.

झोप लागण्याच्या सुमारास शरीराच्या आतील भागाचे तापमान उतरू लागते. संध्याकाळ आणि पहाट यांच्यात ते सुमारे १° सेल्सियसने कमी होते. ही उष्णता बाहेर टाकण्याचे काम मुख्यत: हातापायांचे पंजे करतात. बोटांचे आकारमान लहान, पण त्या मानाने पृष्ठभाग मोठा. तेथील रक्तवाहिन्या रुंदावल्या की आतील गरम रक्त त्वचेजवळ येते आणि उष्णता हवेत जाते.

शाळेत तुम्ही न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम शिकता. वस्तू आणि परिसर यांच्या तापमानांत जितका फरक अधिक, तितकी उष्णता अधिक वेगाने जाते. समजा, खोलीचे तापमान २५° आहे. पावलाची त्वचा २८° असेल तर फरक ३°. ती ३४° असेल तर फरक ९°. म्हणजे ढोबळ मानाने तिप्पट वेगाने उष्णता बाहेर पडेल.

आनंद असो वा भीती, मन उत्तेजित झाले की रक्तात ॲड्रिनॅलिन वाढते. छाती धडधडते, आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. परीक्षेच्या वेळी तुमचे हात गार पडतात ते यामुळेच. पाय गार पडले, की उष्णता बाहेर जाण्याचे दारच अर्धे बंद होते, आणि झोप लांबते. बाझेल येथील कुर्ट क्राउखी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिले, की हातपाय ऊबदार असलेल्यांना झोप लवकर लागते.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, मुलांना फार लवकर झोपायला पाठवू नये. पहाटे उठायचे असेल तर आधीचे चार-पाच दिवस उठण्याची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणावी, आणि उजाडताच बाहेरच्या उजेडात जावे. घड्याळ पुढे सरकते, आणि त्यामागोमाग झोपेची वेळही.

दुसरी गोष्ट, झोपेआधी तासभर ट्यूबलाइट मालवून लहान दिवा लावावा. मोबाइल आणि दूरदर्शन संच बंद. दुपारनंतर चहा, कॉफी, कोला टाळावे.

तिसरी गोष्ट, झोपण्याआधी एक-दीड तास कोमट पाण्याने अंघोळ करावी, किंवा पाय तरी शेकावेत. अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून २०१९ साली निष्कर्ष निघाला, की ४०° ते ४२.५° तापमानाचे पाणी एक-दोन तास आधी अंगावर घेतल्यास झोप सरासरी सुमारे दहा मिनिटे लवकर लागते. तळपायांना तेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीने चोळण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. वाटीच्या धातूत झोपेचे औषध नाही. पण चोळण्याने पाय ऊबदार होतात, आणि तेवढा वेळ आजी जवळ शांतपणे बसलेली असते. दोन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत.

चौथी गोष्ट, उद्याच्या कामांची यादी कागदावर लिहावी. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात झोपेआधी पाच मिनिटे पुढील कामे लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. कागदावर उतरलेली गोष्ट मनात घोळवावी लागत नाही.

पाचवी गोष्ट वडील मंडळींसाठी. "झोप बरे आता!" असा हुकूम करू नये. औषध घेताना माकडाची आठवण काढू नका, असे वैद्याने सांगितलेल्या रोग्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. बिचाऱ्याला पेला उचलला की माकडच दिसे! झोपेचेही तसेच आहे. ती आली की नाही हे तपासत राहिले, की मन जागेच राहते. वीसएक मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसावे, हलक्या आवाजात एखादी गोष्ट ऐकावी, आणि डोळे जड झाले की परत अंथरुणावर जावे. घड्याळ मात्र नजरेआड ठेवावे.

एवढे करूनही झोप कमी झालीच, तर घाबरू नये. एका रात्रीच्या जागरणाने कायमचे नुकसान होत नाही. पुढच्या रात्री झोप अधिक गाढ लागते. दुपारी अर्धा तास आडवे व्हावे. फटाके उडवणाऱ्या पेंगुळलेल्या मुलांकडे मात्र मोठ्यांनी लक्ष ठेवावे.

"जाग आलीच नाही तर?" ही भीतीही सोडून द्यावी. जर्मनीत १९९९ साली काही जणांना, उद्या सहाला उठवू, असे सांगून झोपवले. त्यांच्या रक्तात जागे होण्याच्या तयारीचे एक संप्रेरक सहाच्या तासभर आधीपासूनच वाढू लागले. झोपेतही शरीर वेळेची वाट पाहत असते!

पुढच्या दिवाळीत मी मुलीला आठ वाजता झोपायला पाठवले नाही. तिने यादी लिहिली, आजीने तिचे पाय चोळले. झोपायला तिला दहा वाजले, पण रडणे झाले नाही आणि रागावणेही झाले नाही.

करून पाहा

डिजिटल तापमापकाने पाच दिवस सकाळी उठल्याबरोबर आणि संध्याकाळी सहा वाजता तोंडातील तापमान मोजा. आधी अर्धा तास काही खाऊपिऊ नका, आणि खेळून आल्याआल्या मोजू नका. आकडे वहीत मांडून आलेख काढा. दोन्ही वेळांत किती फरक पडतो? सुटीत उशिरा झोपू व उठू लागल्यावर हाच प्रयोग पुन्हा करा, आणि आलेख बदलतो का ते वर्गात सर्वांनी मिळून ताडून पाहा.