खिडकीतल्या वेली आणि वाणाची रोपं

मनीप्लांट नसलेलं मराठी घर शोधून सापडणं कठीण. बोर्नव्हिटाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून खिडकीच्या गजाला बांधलेली ती वेल आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. शेजाऱ्यांकडून न सांगता तोडून आणली तरच ती वाढते, असंही आपल्याकडे मानतात. गंमत म्हणजे इकडे इंग्लंडमध्येही जुनी माणसं हसत हसत सांगतात की चोरून आणलेली फांदी चांगली धरते.

या वेलीची एक गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते. मनीप्लांट मूळचा ताहितीजवळच्या मोरेआ बेटावरचा. त्याला आपणहून फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ सालची आहे. फूल यायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक ही वेल जनुकातल्या दोषामुळे पुरेसं बनवूच शकत नाही, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं. फूल नाही म्हणजे बी नाही. तरीही ही वेल पुण्यापासून दुबईपर्यंत आणि नाशिकपासून न्यू जर्सीपर्यंत घराघरात पोचली आहे, ती फक्त फांद्या तोडून एकमेकांना दिल्यामुळे.

मी लीड्सजवळ राहतो. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचं काम. इथली घरं लहान, खिडकीचे कट्टे अरुंद आणि खिडकीखाली बहुतेक वेळा रेडिएटर. जमिनीवर कुंड्या ठेवायला जागाच नसते. त्यामुळे छताच्या हुकाला टांगता येतील अशा वेलींकडे मी वळलो आणि मग मनीप्लांटच्या पलीकडचं एक वेगळंच जग सापडलं. होया, सेरोपेजिया, डिस्चिडिया, रिप्सॅलिस. नावं परकी वाटतात, पण यातल्या बऱ्याच वेली आपल्या ओळखीच्या रुईच्या कुळातल्या. फांदी तोडली की रुईसारखाच पांढरा चीक येतो. होयाच्या बियांनाही रुईच्या 'म्हातारी'सारखा रेशमी झुपका असतो.

या वेलींचा छंद नुसता हौसेचा नाही, हे मला गेल्या वर्षी कळलं. आमच्या शेजारी एक ८४ वर्षांच्या बाई एकट्या राहायच्या. त्यांच्या समोरच्या खिडकीत होया कर्नोसाची भली मोठी वेल होती. लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी त्यांना स्वतःच्या वेलीची एक फांदी दिली होती, तीच ही वेल. फेब्रुवारीत बाई पडल्या आणि काही आठवडे दवाखान्यात राहिल्या. तोवर घरावर लक्ष ठेवणाऱ्यांनी मायेपोटी त्या कुंडीत रोज पाणी घातलं. बाई परत आल्या तेव्हा वेलीचं खोड बुडाशी काळं आणि मऊ पडलं होतं. त्यातच घर विकून लेकीच्या गावातल्या वृद्धाश्रमात जायचं ठरलं. तिथे एक लहान कुंडी तेवढी नेता येणार होती. त्यांनी मला बोलावून विचारलं, ''यातलं काही वाचेल का?''

वरच्या फांद्या अजून हिरव्या होत्या. आम्ही दोघांनी बसून ११ फांद्या कापल्या. त्या कशा कापल्या आणि कशा लावल्या ते सविस्तर सांगतो, कारण कुठल्याही लोंबत्या वेलीला थोड्याफार फरकानं हीच रीत लागू पडते.

पहिली गोष्ट म्हणजे पेर. उसाचं बेणं लावणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पान जिथून फुटतं ती गाठ म्हणजे पेर, आणि नवा कोंब फुटतो तो तिथूनच. प्रत्येक फांदीला दोन-तीन पेरं हवीत आणि काप खालच्या पेराच्या थोडा खाली घ्यावा. खालच्या पेराची पानं काढून टाकायची. व्हॅलेंटाइन डेच्या सुमाराला इथल्या दुकानांत बदामाच्या आकाराचं एकच जाड पान कुंडीत खोचून विकतात. ते होया केरी. त्या पानाला मुळं फुटतात, ते अनेक वर्षं हिरवंगारही राहतं, पण त्याला पेर नसेल तर त्याची वेल कधीच होत नाही. घेताना पानाच्या बुडाशी खोडाचा तुकडा आहे का, ते पाहून घ्या.

कात्री किंवा ब्लेड स्पिरिटनं पुसून घ्यावं. कापल्यावर चीक कोमट पाण्यानं धुवायचा आणि काप काही तास सुकू द्यायचा. फांदीच्या शेंड्याकडे तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली उतरत उतरत कापाजवळ साठतं आणि तिथे मुळं धरायला लागतात. दुकानात मिळणाऱ्या रूटिंग पावडरीत हेच किंवा याच जातीचं द्रव्य असतं. होयाला तिची गरज पडतेच असं नाही.

मुळं फुटायला मी स्फॅग्नम मॉस वापरतो. ओलं करून मुठीत घट्ट पिळायचं, पाणी टपकता कामा नये. ते पारदर्शक झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात पसरायचं, खालचं पेर त्यात टेकवायचं आणि झाकण लावायचं. जेवण पार्सल आणलेला डबाही चालतो. मुळं नसलेली फांदी पाणी ओढू शकत नाही, म्हणून पानांतलं पाणी उडून जाऊ नये यासाठी आतली हवा दमट हवी. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना ही युक्ती १८२९च्या सुमाराला एका बंद बाटलीत आपोआप उगवलेल्या नेच्यामुळे सापडली. पुढे त्यांच्या नावाच्या काचपेट्यांतून जगभर रोपं फिरली. रॉबर्ट फॉर्च्युननं चीनमधून चहाची रोपं भारतात आणली ती अशाच पेट्यांतून. आपला पार्सलचा डबा त्याच पेटीचा धाकटा भाऊ म्हणायचा. दोन-तीन दिवसांनी झाकण थोडा वेळ उघडावं, नाहीतर बुरशी धरते.

डबा उजेडात हवा, पण थेट उन्हात नको. तापमान २० ते २५ अंश असलं की काम होतं. त्यामुळे इंग्लंडात हे काम एप्रिल ते ऑगस्टमध्ये करावं. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो, तेव्हा लावलेली फांदी नुसती बसून राहते. आमच्याकडे मात्र वाट पाहण्याची सोयच नव्हती. म्हणून मार्चमध्येच डबा एका एलईडी दिव्याखाली ठेवला. पाचव्या आठवड्यात पहिली पांढरी मुळं दिसली. ११पैकी ८ फांद्या जगल्या.

मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की कुंडीत लावायचं. कुंडी लहानच घ्या. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि मुळं कुजतात. नुसती माती घालू नये. मी ऑर्किडला वापरतात तो सालीचा चुरा, पर्लाइट आणि साधं कंपोस्ट समसमान घेतो. पाणी कधी घालायचं, हे कळायला एक सोपी खूण आहे. होयाचं जाड पान पोळीसारखं अलगद दुमडून पाहायचं. ताठ असेल तर पाणी नको. सहज वाकलं तर घाला, आणि कुंडीतून निथळू द्या.

लोंबत्या वेलींबाबत एक गोष्ट हमखास नजरेआड होते. उजेड खाली लोंबणाऱ्या दोरांवर पडून भागत नाही, तो कुंडीच्या माथ्यावर पडायला हवा. वरच्या फळीखाली किंवा खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा उंच टांगलेली वेल माथ्याशी टकली होते आणि दोर एकेक करून गळतात. हुक थोडा खाली आणा आणि दोन-तीन लांब दोर उचलून मातीवर गोल गुंडाळून ठेवा. पेरांतून मुळं फुटतात आणि माथा पुन्हा भरतो. आपल्याकडच्या दाब कलमाचाच हा प्रकार. रेडिएटरच्या अगदी वर मात्र टांगू नका, त्या कोरड्या गरम हवेत पानं करपतात.

वेगळ्या वेली हव्या असतील तर सुरुवातीला तीन सुचवतो. पहिली होया लिनिॲरिस. ही मूळची हिमालयाच्या डोंगरांतली, सुईसारखी मऊ पानं आणि हिरव्या केसांसारखे दोर. थंडी तिला मानवते, म्हणून इथल्या घरांत ती खूश असते. फक्त तिला पूर्ण कोरडं होऊ देऊ नये. दुसरी रिप्सॅलिस, म्हणजे झाडांवर वाढणारा, काटे नसलेला निवडुंग. निवडुंग मूळचे अमेरिका खंडातले, पण रिप्सॅलिस बॅसिफेरा ही एकच जात आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही नैसर्गिकरीत्या सापडते. तिचा तुकडा दोन दिवस सुकवून ओलसर मातीत खोचला की झालं. तिसरी स्ट्रिंग ऑफ हार्ट्स, शास्त्रीय नाव सेरोपेजिया वुडी. जॉन मेडली वुड यांना ती १८८१ साली दक्षिण आफ्रिकेत खडकावरून लोंबताना सापडली. तिच्या दोरांवर मण्यांसारख्या गाठी येतात. तो मणी मातीवर नुसता टेकवला तरी त्यातून नवी वेल निघते.

या सेरोपेजियाचं आणि आपलं नातं जवळचं आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणारं कंदीलपुष्प तिचंच भावंड. कंदिलाच्या आकाराच्या फुलात बारीक माशी शिरते, आतल्या उलट्या केसांमुळे अडकते आणि केस कोमेजले की परागकण घेऊन बाहेर पडते. हरिश्चंद्रगडासारख्या मोजक्या डोंगरांवरच उरलेल्या काही जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव यांनी या गटावर अनेक वर्षं काम केलं आहे. म्हणून एक विनंती. गावी गेल्यावर गडावर दिसलं म्हणून कंदीलपुष्पाचा कंद उकरू नका आणि कोणी विकत असेल तर घेऊ नका. दुर्मीळ वेलींची किंमत वाढली की सगळ्यात आधी जंगल रिकामं होतं. रोपवाटिकेत फांदीपासून वाढवलेलं रोप मागा.

बॅगेत लपवून रोपं आणण्याचा मोहही टाळायला हवा. भारतातून ब्रिटनमध्ये जिवंत रोप किंवा फांदी आणायची तर रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. आईच्या अंगणातली कढीपत्त्याची फांदी असली तरी नियम तोच. एखादी कीड नव्या देशात शिरली की शेतं आणि बागा दोन्ही भोगतात, म्हणून हा नियम जाचक वाटला तरी योग्य आहे. इथे कोणाकडून फांदी घेतली तरी ती दोन-तीन आठवडे बाकीच्या रोपांपासून लांब ठेवावी. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसून काढा आणि आठवड्यानं पुन्हा पाहा.

शेजारच्या बाईंच्या वेलीचं काय झालं, ते राहिलं. होयाची फुलं जुन्याच देठावर वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे फूल गळल्यावर तो देठ कधी कापू नये. आमच्या फांद्यांपैकी दोघींवर असे जुने देठ होते. साध्या फांदीला फुलायला दोन-तीन वर्षं सहज लागतात आणि बाईंचं वय पाहता तेवढी वाट कशाच्या भरवशावर पाहायची? म्हणून त्या दोन्ही फांद्या त्यांच्याच कुंडीत लावल्या आणि ऑगस्टमध्ये गाडीनं नेऊन दिल्या. त्यांनी पानांवरून हात फिरवत विचारलं, ''ही तीच ना?'' मी म्हटलं, ''हो, तीच.'' ते खोटं नव्हतं. फांदीपासून वाढलेलं रोप हे नवं अपत्य नसतं, ते मूळ झाडच असतं. या जूनमध्ये त्यांच्या लेकीनं फोटो पाठवला. मेणाची वाटावीत अशा गुलाबी चांदण्यांचा एक झुबका आणि मागे खुर्चीत बसलेल्या बाई. संध्याकाळनंतर सगळ्या खोलीत वास भरतो, असं लेकीनं लिहिलं होतं.

उरलेल्या सहांपैकी दोन रोपं आमच्याकडे राहिली आणि चार बाहेर दिली. आमच्या कामात माहितीची एकच प्रत ठेवली तर ती नसल्यातच जमा धरतात. चांगल्या वेलीचंही तेच. आपली मेली तर जिला फांदी दिली तिच्याकडून परत आणता येते.

त्यातूनच बायकोला कल्पना सुचली. आमच्या इथल्या मराठी बायकांच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दर वर्षी प्लास्टिकचे डबे नाहीतर स्टीलच्या वाट्या वाण म्हणून लुटल्या जायच्या. या जानेवारीत तिनं मुळं धरलेल्या वेली लुटल्या. दीड डझन लहान कुंड्या, प्रत्येकीवर नाव आणि पाणी कधी घालायचं याची चिठ्ठी. बाहेर दोन अंश तापमान होतं, म्हणून प्रत्येक कुंडी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि गाडी आधी गरम करून मगच रोप बाहेर न्यायला सांगितलं. अशा थंडीत थोडा वेळ उघडं राहिलेलं रोपही पुढे पानं टाकू शकतं.

तुम्हालाही येत्या संक्रांतीला असं वाण द्यायचं असेल तर फांद्या जून-जुलैमध्येच कापायला हव्यात. डब्यात दीड महिना आणि कुंडीत दोन-तीन महिने धरले की जानेवारीपर्यंत रोप हातात द्यायच्या तयारीचं होतं. घरी मनीप्लांट असेल तर पहिला प्रयोग त्याच्यावरच करा. पेर बघून कापा, बाटलीत ठेवा आणि मुळं आली की कोणाला तरी देऊन टाका.