धोक्याची जाणीव आणि राजकीय सहभाग

धोका आणि धोक्याची जाणीव या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीचे मापन तज्ज्ञ संभाव्यतेच्या गणिताने करतात. दुसरी समाजाच्या अनुभवातून, स्मृतीतून आणि सत्तेवरील विश्वासातून घडत असते. नागरिकास राजकीय कृतीकडे वळविते ती बहुधा दुसरीच होय.

स्वेच्छेने पत्करलेला धोका लोक लादलेल्या धोक्याहून कितीतरी अधिक प्रमाणात सहन करतात, असे चॉन्सी स्टार यांनी १९६९ साली दाखविले. पुढे १९८७ मध्ये पॉल स्लोविक यांनी भयावहता व अपरिचितता या दोन निकषांवर लोकमताची मांडणी केली. अणुशक्ती ही दोन्ही निकषांवर वरच्या स्थानी आढळली.

परंतु भीतीपासून आपोआप सहभाग निर्माण होत नाही. एकाकी भीती मनुष्यास घरात बसविते. ती सामूहिक झाली आणि कृतीस वाट दिसली, म्हणजेच तिचे राजकारण होते. ही वाट कोणती, हे मात्र संस्थांच्या रचनेवर अवलंबून असते. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये फुकुशिमाचा अपघात घडला. त्यानंतरच्या दोन घटना या दृष्टीने तुलनेस योग्य आहेत.

जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात, जेथे अणुवीजकेंद्रे चालू होती, २७ मार्च रोजी विधिमंडळाची निवडणूक झाली. २००६ साली ५३.४ टक्के असलेले मतदान ६६.३ टक्क्यांवर गेले. हरित पक्षाची मते ११.७ वरून २४.२ टक्के झाली आणि १९५३ पासून सत्तेवर असलेला पक्ष पायउतार झाला. श्टुटगार्ट रेल्वेस्थानकाचा वादही या निकालामागे होता, हे खरे. तथापि भीतीस येथे मतपेटीचे दार तात्काळ उघडे मिळाले, हे विसरता येत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे ९,९०० मेगावॉटच्या नियोजित प्रकल्पास विरोध आधीपासूनच होता. माडबन परिसरातील शेतकऱ्यांपुढे भूसंपादनाचा प्रश्न होता. साखरी नाटे येथील मच्छिमारांचे भय निराळे होते: प्रकल्पातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या उष्ण पाण्याने मासळी दुरावेल, हे ते भय. जमिनीचा मोबदला ठरविणाऱ्या व्यवहारात समुद्रावरील उपजीविकेस सहज स्थान मिळत नाही. १८ एप्रिल २०११ रोजी आंदोलन पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचले, गोळीबार झाला व एक आंदोलक मृत्युमुखी पडला.

दोन्ही ठिकाणी आघाताचे निमित्त एकच होते. परंतु एकीकडे निर्णय बदलण्याचे वैध साधन हाताशी होते, तर दुसरीकडे सर्वांत अधिक धास्तावलेल्या गटाचा निर्णयप्रक्रियेत वाटा अल्प होता. म्हणूनच लोकांची जाणीव हे केवळ अज्ञान समजून प्रबोधनाने ते दूर करू पाहणारे प्रशासन प्रश्नाच्या गाभ्यास स्पर्श करीत नाही. ‘अपघाताची शक्यता किती?’ या तज्ज्ञांच्या प्रश्नामागे नागरिकाचा दुसरा प्रश्न उभा असतो: ‘ती शक्यता माझ्यासाठी कोणी स्वीकारली?’ राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने या दुसऱ्या प्रश्नाचा मागोवा घेणे अगत्याचे आहे.