दिवसा विजेसाठी सौर कृषी वाहिनी : आमदारांकडे काय मागावे?



रब्बीच्या थंडीत मध्यरात्री दारे धरणे आपणांस नवीन नाही. विहिरीत पाणी असते, पीक तहानलेले असते. परंतु वीज रात्रीच्या पाळीत येते. सर्पदंशाची भीती असतेच. अकोले, संगमनेर, राहुरी भागात उसाच्या फडात बिबट्याचाही वावर आहे. शिवाय अंधारात पाट कोठे फुटला हे समजत नाही. एक वाफा तुंबतो, दुसरा कोरडा राहतो. दिवसा वीज मिळाल्यास जीवही वाचेल आणि पाणीही.

सौर कृषी वाहिनी म्हणजे काय?

शेतीपंपांची 11 केव्ही वाहिनी (फीडर) गावठाणाच्या वाहिनीपासून वेगळी केली जाते. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्याची वीज त्या वाहिनीला जोडतात. ढगाळ हवामानात कमी पडणारी वीज ग्रीडमधून घेता येते. शेतकऱ्याला स्वतःच्या पंपात कोणताही बदल करावा लागत नाही.

1 मेगावॅट प्रकल्पास साधारण 2 हेक्टर जागा लागते. 5 अश्वशक्तीचा पंप सुमारे 5 किलोवॅट वीज घेतो असे धरल्यास, भर उन्हात असा प्रकल्प एका वेळी 200 पंप चालवू शकतो. सकाळी व सायंकाळी ही संख्या कमी होते.

आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात

राज्य शासनाने 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर केली. प्रायोगिक तत्त्वावर पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही गावे निवडली गेली. 2023 मध्ये योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात खाजगी जमिनीसाठी प्रति हेक्टर वार्षिक 1 लाख 25 हजार रुपये भाडे व दरवर्षी 3 टक्के वाढ ठरविण्यात आली. मुरमाड, पडीक जमिनीस हा चांगला आधार आहे. बागायती जमीन मात्र देऊ नये.

मागणी कोणती करावी?

अहिल्यानगर जिल्ह्यात विधानसभेचे 12 मतदारसंघ आहेत. आपल्या आमदारांना पुढील मुद्द्यांचे लेखी निवेदन द्यावे.

1. तालुक्यातील कोणत्या वाहिन्यांना दिवसा वीज मिळते व कोणत्या बाकी आहेत, याची यादी ग्रामपंचायतीत लावावी.
2. गायरान जमीन देताना ग्रामसभेत चर्चा व्हावी आणि जनावरांच्या चराईची सोय राखावी.
3. जमिनीचे भाडे ठरल्या वेळी मिळावे.
4. रोहित्रे, जुन्या तारा व उपकेंद्र यांच्या दुरुस्तीस स्वतंत्र निधी द्यावा. तारा कमकुवत असतील तर सौर वीजही शेतापर्यंत पुरेशा दाबाने पोहोचणार नाही.
5. ठिबक व तुषार सिंचनाचे अनुदान वेळेवर मिळावे.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. खात्रीची वीज मिळताच पंप अधिक तास चालतो आणि विहिरीची पातळी खाली जाते. वीज मिळाली तरी पाणी मोजूनच द्यावे.

निवेदन कसे द्यावे?

"वीज मिळत नाही" एवढेच लिहू नये. उपकेंद्र व वाहिनीचे नाव, पंपांची संख्या आणि महिन्याभरातील वीज येण्या-जाण्याच्या वेळांची नोंद जोडावी. अशा माहितीवर आमदारांना तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना मांडणे सोपे जाते. अर्थसंकल्पी अधिवेशनात ऊर्जा विभागाच्या मागण्यांवर बोलता येते. म्हणून निवेदन अधिवेशनापूर्वी द्यावे, पोच घ्यावी आणि एका वाहिनीवरील सर्व शेतकऱ्यांनी एकत्र सह्या कराव्यात. नोंदीची वही आजच सुरू करावी.